एडिटर अडकला की आधी धागा शोधा: दूरच्या सर्व्हरवरची फाइल उघडत नसेल तर तपासणी कशी करायची

एप्रिलातली दुपार, पंख्याचा वाराही गरम. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. तिथला ऑर्डरींचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम मी कधीकाळी लिहून दिला होता, आता तिथलाच एक पोरगा तो सांभाळतो.

"दादा, परत अडकलंय की ओ. फाइलवर क्लिक केलं की नुसतं गोल गोल फिरायलंय."

"काय काय करून बघितलंस?"

"एडिटर काढून परत टाकला. दोनदा."

सगळे हेच करतात. मीही वर्षानुवर्षं केलंय. पण त्याच कारखान्यात लूमवर धागा तुटला तर कुणी लूम बदलत नाही, धागा कुठे तुटला ते बघतात. इथेही तसंच. आपल्याला हवी असलेली फाइल मुंबईतल्या सर्व्हरवर आहे. मधे एडिटरचं (कोड लिहायच्या प्रोग्रॅमचं) एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेला भाग आहे, दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करून देणारं एसएसएच आहे, वायफाय आहे, राउटर आहे, नेटवाल्याची तार आहे, सर्व्हरच्या दारावरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल आहे, तिथला कमांड चालवणारा शेल आहे, शेवटी डिस्क आहे. यातला एक कुणी गप्प बसला की एडिटर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. डोळ्यांसमोर एडिटरच असतो म्हणून शिव्या त्याला पडतात. तो कुणाची वाट बघतोय हे शोधणं एवढंच आपलं काम.

खाली मी जी वाट सांगतोय ती याच क्रमाने चाला. उदाहरणं मुख्यतः व्हीएस कोडची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक पोरं तेच वापरतात. इमॅक्स, व्हिम, नोटपॅड प्लस प्लसवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

हात लावण्याआधी

एडिटर अडकलेला असताना त्यात न साठवलेला मजकूर असेल तर तो सगळा निवडून, कॉपी करून आपल्याच कॉम्प्युटरवरच्या साध्या फाइलमध्ये टाका. सेव्हचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. काही साधनं सेव्ह करताना जुनी फाइल आधी रिकामी करतात आणि मग नवीन मजकूर लिहितात. मधेच जोडणी तुटली किंवा सर्व्हरची डिस्क भरलेली असली, तर सर्व्हरवर शून्य बाइटची फाइल उरते. ही गोष्ट एकदा अंगावर आली की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

मग बघा, नक्की अडकलंय काय. मेनू उघडतो का? दुसऱ्या टॅबमध्ये टाइप करता येतं का? येत असेल तर एडिटर जिवंत आहे, फक्त पलीकडून उत्तर येत नाही. अख्खी खिडकी पांढरी पडली असेल तर दोन शक्यता: एकतर तो एडिटर एका वेळी एकच काम करणारा आहे आणि त्याच कामात अडकलाय, नाहीतर फाइल येऊन पोचलीय आणि ती दाखवतानाच त्याचा दम निघालाय. एकाच ओळीत दोन-चार एमबी मजकूर कोंबलेली जावास्क्रिप्टची फाइल हे दुसऱ्या प्रकारचं नेहमीचं उदाहरण. त्यात नेटचा काही संबंध नसतो.

तिसरी गोष्ट, घड्याळ लावा. किती सेकंदांनी एरर येते हा फुकटचा पुरावा आहे. पलीकडून काहीच उत्तर नसताना नवी टीसीपी जोडणी (एसएसएच हिच्यावरूनच चालतं) विंडोजवर साधारण २१ सेकंदांनी हार मानते, लिनक्सवर साधारण १२७ सेकंदांनी. आधीच जुळलेली जोडणी मधेच मेली तर लिनक्स पाठवलेला मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये साडेपंधरा मिनिटांच्या आसपास हात टेकतो. म्हणजे २१ सेकंदांत एरर आली तर दारच उघडलं नाही, आणि पंधरा मिनिटं काहीच झालं नाही तर दार उघडून आत गेल्यावर कुणीतरी मागून बंद केलं.

पहिली पायरी: एडिटर बाजूला ठेवा

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी उघडा. ‘टाइम एसएसएच’, पुढे सर्व्हरचं नाव आणि शेवटी ‘ट्रू’ असं लिहून एंटर मारा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टाइम’च्या जागी ‘मेझर-कमांड’ लिहून उरलेली कमांड महिरपी कंसात टाकायची. ‘ट्रू’ ही कमांड काहीच करत नाही, म्हणूनच ती कामाची. जो वेळ दिसतो तो निव्वळ आत जाऊन बाहेर येण्याचा. दोन-तीन सेकंदांपर्यंत ठीक, दहाच्या वर गेला तर एडिटरला विसरा.

आता तीच अडकणारी फाइल ‘कॅट’ने ओढून आपल्याकडच्या ‘नल’मध्ये (आलेलं सगळं फेकून देणाऱ्या जागी) टाका आणि तोही वेळ मोजा. इथे तीन निकाल निघतात. लॉगिनच अडकलं: दोष रस्त्यात किंवा सर्व्हरच्या दारात. लॉगिन झटकन झालं पण फाइल अडकली: पुढची एमटीयूची, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या तुकड्याच्या कमाल लांबीची चौथी पायरी तुमच्यासाठीच लिहिलीय. दोन्ही पटकन झालं आणि एडिटर मात्र अडकलेलाच: मग दोष एडिटरने सर्व्हरवर मांडलेल्या पसाऱ्यात, थेट सातव्या, फोल्डरच्या पायरीकडे जा.

लॉगिनच अडकत असेल तर ‘एसएसएच’ला ‘-व्हीव्हीव्ही’ जोडून चालवा. भरपूर बडबड दिसेल. ती सगळी वाचायची गरज नाही, शेवटची ओळ वाचा. ‘कनेक्टिंग टू’वर थांबलं तर नेट किंवा फायरवॉल. की-अदलाबदलीच्या उत्तराची वाट बघत, म्हणजे ‘एक्सपेक्टिंग’ आणि ‘केईएक्स’ हे शब्द असलेल्या ओळीवर थांबलं तर बहुधा एमटीयू. ‘जीएसएसएपीआय’च्या (लॉगिनच्या एका वेगळ्या पद्धतीच्या) ओळींजवळ रेंगाळलं तर आपल्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘जीएसएसएपीआय-ऑथेंटिकेशन नो’ करून बघा. पासवर्ड बरोबर मिळाला, लॉगिन झालं असं सांगून मग थांबलं तर सर्व्हरवरच्या शेलची गडबड.

दुसरी: कुणीतरी प्रश्न विचारलाय आणि तुम्हाला ऐकू येत नाही

ही चूक इतकी साधी आहे की कुणी तपासतच नाही. सर्व्हर नव्याने बसवला की एसएसएच विचारतं, ‘हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जाऊ का?’ किंवा कीचा (लॉगिनच्या किल्लीचा) पासफ्रेज मागतं, किंवा मोबाइलवर आलेला कोड. टर्मिनलमध्ये हा प्रश्न दिसतो. एडिटर मात्र एसएसएच पडद्यामागे चालवतो, प्रश्न तिथेच लटकतो आणि गोल फिरत राहतं.

तपासायला ‘एसएसएच’ला ‘-ओ बॅचमोड=येस’ जोडून चालवा. याचा अर्थ, काहीही विचारू नकोस, जमत नसेल तर लगेच नाही म्हण. ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ आलं तर चोर सापडला. आपली की ‘एसएसएच-एजंट’मध्ये (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भरून ठेवा, सर्व्हरची ओळख एकदा टर्मिनलमधून पटवून घ्या. व्हीएस कोडमध्ये रिमोट एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘शो लॉगिन टर्मिनल’ नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की पडद्यामागचा संवाद समोर दिसतो. मी तो कायम चालूच ठेवतो.

तिसरी: अंतराचं गणित

सोलापूर ते मुंबई रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन किमान ४ मिलिसेकंद. तार सरळ रेषेत नसते, मधे यंत्रं असतात, त्यामुळे पिंगमध्ये (सर्व्हरला हाक मारून उत्तराचा वेळ मोजणाऱ्या कमांडमध्ये) आकडा याच्या काही पट दिसेल, तरी काम मजेत चालतं. पण पुण्यातल्या कुठल्यातरी कंपनीचं घरून काम करताय आणि सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला आहे, तर सरळ अंतरच १३ हजार किलोमीटरच्या घरात. निव्वळ भौतिकशास्त्राचे १३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात २००च्या वर.

एका फेरीचे २५० मिलिसेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. एका फोल्डरमध्ये २०० फाइली आहेत आणि एडिटर किंवा माउंट केलेली (सर्व्हरवरून आपल्याकडे जोडून घेतलेली) ड्राइव्ह प्रत्येक फाइलची माहिती एकेक करून विचारते असं धरा. २०० गुणिले पाव सेकंद, ५० सेकंद. नेटचा वेग १०० एमबीपीएस असो की ३००, या ५० सेकंदांत काडीचा फरक पडत नाही. प्लॅन वाढवून घेणाऱ्यांना हे सांगून माझं तोंड दुखलं. इथे फेऱ्या कमी करायच्या असतात, वेग वाढवून उपयोग नसतो. म्हणूनच दूरच्या सर्व्हरसाठी एसएसएचएफएसने ड्राइव्ह माउंट करण्यापेक्षा व्हीएस कोडसारखी पद्धत बरी पडते. ती आपला अर्धा भाग सर्व्हरवरच बसवते आणि फाइलींची चौकशी तिथल्या तिथे उरकते.

पिंग ५० वेळा चालवा आणि सरासरी सोडून दोन गोष्टी बघा: किती पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवले, आणि सगळ्यात वाईट आकडा किती. सरासरी २० पण मधूनच ९०० दिसत असेल तर आधी वायफाय सोडून राउटरला तार लावून बघा. त्यानंतर मोबाइलचा हॉटस्पॉट. हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत चाललं तर दोष घरच्या जोडणीत हे दोन मिनिटांत सिद्ध होतं. उलटही होतं: हॉटस्पॉटवर अडकतं, घरी चालतं. तेव्हा एसएसएचला ‘-४’ जोडून फक्त आयपीव्ही-४, म्हणजे जुन्या पद्धतीचे नेटचे पत्ते वापरायला लावा. सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही-६चा पत्ता आहे पण तो रस्ता अर्धवट बंद आहे, असं झालं की आधी तिकडे डोकं आपटून मग इकडे येण्यात वेळ जातो.

चौथी: छोटी फाइल उघडते, मोठी अडकते

कारखान्यातल्या त्या पोराची केस हीच होती, म्हणून जरा थांबून सांगतो. पिंग चालत होतं. लॉगिन होत होतं. ‘पीडब्ल्यूडी’, ‘डेट’ अशा कमांडचं उत्तर चटकन. दहा ओळींची कॉन्फिग फाइल उघडायची. पण ऑर्डरींची ४० केबीची फाइल उघडली की सगळं थिजायचं, आणि पाचशे फाइलींच्या फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ केलं तरी टर्मिनल तिथेच. अशी लक्षणं दिसली की डोळे झाकून एमटीयूवर पैज लावा.

साध्या इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी, म्हणजेच एमटीयू, १५०० बाइट. घरगुती फायबरवर पुष्कळदा पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करायची एक पद्धत) वापरतात, त्याचं वेष्टण ८ बाइट खातं, उरतात १४९२. सर्व्हरला हे माहीत नसतं, तो १५००चं पॅकेट पाठवतो, वर ‘तुकडे करू नका’ असा शिक्का. मधलं यंत्र ते पुढे ढकलू शकत नाही. नियमाप्रमाणे त्याने सर्व्हरला निरोप धाडायचा, ‘फार मोठं आहे, लहान पाठव’. हा निरोप आयसीएमपीने (पिंग ज्यावर चालतं त्याच भाषेत) जातो, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून बाकीचं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. निरोप पोचत नाही, सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा गायब. लहान पॅकेट जातात, मोठी मरतात. दरवाजातून माणूस जातो, कपाट जात नाही, आणि बाहेर उभ्या हमालाला ते कुणी सांगत नाही.

एरवी हे कळतही नाही, कारण चांगला राउटर जोडणी जुळतानाच दोन्ही बाजूंना सांगून टाकतो की लहान तुकडेच पाठवा. त्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. कारखान्यात आठवड्यापूर्वी नेटवाल्याचा माणूस येऊन डबा बदलून गेला होता आणि नव्या डब्यात ते सेटिंग बंद होतं. "काय बदललंय का?" असं मी विचारलं तेव्हा पोरगा "काहीच नाही" म्हणाला होता. डबा बदलणं त्याच्या हिशोबी बदल नव्हता. तेव्हापासून मी प्रश्न बदलला: "गेल्या महिन्यात कोण कोण येऊन गेलं?"

तपासणी अशी. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ आणि सर्व्हरचं नाव. लिनक्सवर ‘पिंग -एम डू -एस १४७२’, त्यातला एम मोठ्या लिपीतला. १४७२ अधिक शीर्षकांचे २८, झाले १५००. उत्तर आलं तर एमटीयू ठीक. नाही आलं तर १४६४ करून बघा, ते जातंय म्हणजे रस्ता १४९२चा. तेही जात नसेल तर १४००, १३०० असं खाली या. सर्व्हर पिंगलाच उत्तर देत नसेल तर दुसऱ्या एखाद्या उत्तर देणाऱ्या पत्त्यावर ही परीक्षा घ्या, घरापासूनची अडचण असेल तर तिथेही दिसेल.

तात्पुरता उपाय आपल्याच हातात आहे: कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू १४०० करा. लिनक्सवर ‘आयपी लिंक सेट डेव्ह’, पुढे कार्डाचं नाव, मग ‘एमटीयू १४००’. विंडोजवर ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस’, पुढे कार्डाचं नाव आणि ‘एमटीयू=१४००’. दोन्हीकडे प्रशासकाचे अधिकार लागतात. आपण आपला आकडा कमी केला की पुढच्या जोडणीत सर्व्हरलाही लहान तुकड्यांची सूचना जाते, म्हणून तिकडून येणारंही सुधारतं. जुन्या जोडणीला हे लागू होत नाही, एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा जोडा. फाइल फटकन उघडली तर निदान पक्कं. मग राउटरमध्ये एमटीयू १४९२ आणि क्लॅम्पिंग चालू करून घ्या, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरला हात लावायला नको. व्हीपीएन असेल तर त्याचं वेष्टण आणखी वेगळं. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सहसा १४२० धरून चालतं, १४९२च्या तारेवर ते कधी काठावर येतं, कधी बाहेर.

पाचवी: वीज गेली, जोडणी मेली, एडिटरला पत्ता नाही

जेवून येईपर्यंत सगळं ठीक होतं आणि आल्यावर पहिलीच फाइल अडकली, ही तक्रार वेगळी. मधली यंत्रं शांत पडलेल्या जोडण्यांची नोंद काही वेळाने पुसतात. घरचा राउटर पुसतो, मोबाइल कंपनीचं सामाईक पत्त्यांचं यंत्र पुसतं. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधलं नॅट गेटवे तर ३५० सेकंद शांतता असली की पुसतं. आपल्या बाजूला मात्र जोडणी चालूच आहे असं दिसतं. टीसीपीची स्वतःची जिवंतपणाची चाचणी लिनक्सवर मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर सगळं संपलेलं असतं.

उन्हाळ्यात याला विजेची साथ. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण फायबरचा डबा साध्या बोर्डावर. वीज दोन सेकंद झुकली की डबा पुन्हा सुरू होतो, बाहेरचा पत्ता बदलतो आणि आधीच्या सगळ्या जोडण्या अनाथ. आमच्या जुळे सोलापुरात मी या डब्यासाठी बारा व्होल्टची छोटी यूपीएस घेतली, माझे निम्मे ‘हँग’ तिथेच संपले. एडिटरमधलं एकही सेटिंग बदललं नव्हतं.

एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी टाका: ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३०’ आणि ‘सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स ३’. शब्द प्रत्यक्षात सलग लिहायचे. दर ३० सेकंदांनी विचारपूस होते, तीनदा उत्तर नाही आलं की दीड मिनिटात जोडणी सोडली जाते. शांतता मोडली म्हणून नोंद पुसली जात नाही, आणि मेलीच तर पंधराऐवजी दीड मिनिटात कळतं. एवढं एकच करायचं म्हणालात तर हे करा. टर्मिनलमधलं एसएसएच थिजलं असेल तर खिडकी मारू नका. एंटर, मग टिल्ड, मग टिंब. लगेच सुटतं.

सहावी: सर्व्हरच्या आत

लॉगिन होतं पण मग सगळं रेंगाळतं, तेव्हा शेलच्या सुरुवातीच्या फाइली बघा, ‘बॅशआरसी’ वगैरे. कुणीतरी तिथे हवामान दाखवणारी, गिटची स्थिती विचारणारी किंवा नोडच्या आवृत्त्या शोधणारी ओळ घातलेली असते. एडिटर दर वेळी शेल सुरू करतो, दर वेळी ती चालते. ‘स्वागत आहे’ असा संदेश छापणारी ओळ तर आणखी घातक, कारण एसएफटीपीसारख्या (एसएसएचवरून फाइली नेणाऱ्या) यंत्रांच्या संवादात मधेच माणसाचं बोलणं येतं आणि ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग’ अशी भलतीच एरर येते. नियम सोपा: शेल माणसासाठी चालू नसेल तर फाइलच्या वरच परत फिरायचं. उबुंटूच्या मूळ ‘बॅशआरसी’त ही तपासणी सुरुवातीलाच असते, लोक तिच्या वर आपल्या ओळी चिकटवतात.

मग ‘फ्री -एच’ (रॅम), ‘डीएफ -एच’ (डिस्कची जागा) आणि ‘डीएफ -आय’ (आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी). व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएचसाठी सर्व्हरवर किमान १ जीबी रॅम सांगितलीय, २ जीबी आणि दोन कोअर असले तर बरं. स्वस्तातला ५१२ एमबीचा सर्व्हर घेऊन त्यावर डेटाबेसही चालवायचा आणि वर एडिटर, मग स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या उसन्या रॅममध्ये) घोळ होणारच. ‘डीएफ -आय’ लोक विसरतात: जागा उरलेली असते पण आयनोड संपलेले असतात, लाखो छोट्या सेशन फाइलींनी खाल्लेले. ‘टॉप’मध्ये ‘डब्ल्यूए’चा (डिस्कची वाट बघण्यात गेलेल्या वेळाचा) आकडा सतत मोठा असेल तर डिस्क किंवा नेटवर्कवरून आलेली फाइल सिस्टिम हळू आहे. ‘पीएस’मध्ये ‘डी’ अवस्थेत अडकलेल्या प्रक्रिया दिसल्या तर त्याच संशयावर शिक्कामोर्तब.

व्हीएस कोड आपला सर्व्हरचा भाग होम फोल्डरमधल्या ‘.व्हीएसकोड-सर्व्हर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. अपडेट अर्धवट उतरलं की तो बिघडतो. आधी कमांड पॅलेटमधून ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ चालवा. तेवढ्याने नाही भागलं तर फोल्डर पुसण्याऐवजी त्याचं नाव बदला; पुढच्या जोडणीला नवा बनतो आणि जुन्यात काही हवं असेल तर हाताशी राहतं. सर्व्हरला बाहेरचं नेट नसेल तर तो हा भाग उतरवण्यातच अडकतो. ‘लोकल सर्व्हर डाउनलोड’ सेटिंग कायमचं चालू करा. होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कवर) असेल तर ‘लॉकफाइल्स इन टीएमपी’.

जुना सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी: १.९९, म्हणजे मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोडच्या तयार सर्व्हरला ‘जीलिबसी’ ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी २.२८ किंवा पुढची लागते. सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे, उबुंटू १८.०४ वर २.२७. तिथे कितीही वेळा पुन्हा जोडलं तरी फळ मिळणार नाही. सर्व्हर बदला, नाहीतर त्या मशीनवर व्हिम शिका.

सातवी: हवी होती एक फाइल, उघडलं अख्खं गाव

एमटीयूचं मिटल्यावर चार दिवसांनी त्याच पोराचा पुन्हा फोन. या वेळी त्याने एडिटरमध्ये सर्व्हरचा मुळातला ‘/’ फोल्डरच उघडला होता. "सगळंच एकदम दिसलं की बरं पडतं की ओ." एडिटर त्या प्रत्येक फोल्डरवर पहारा बसवतो, शोधासाठी ‘आरजी’ नावाची प्रक्रिया सोडतो, गिटला विचारतो, भाषेचं एक्स्टेंशन सगळ्या फाइली वाचायला घेतं. सर्व्हरवर ‘टॉप’ लावलं तेव्हा ‘आरजी’ आणि ‘नोड’ने दोन्ही कोअर व्यापलेले. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एक चप्पल शोधायला सोडल्यासारखं.

नेमका प्रोजेक्टचा फोल्डर उघडा. त्यातही ‘नोड मॉड्यूल्स’, लॉग आणि अपलोड झालेल्या चित्रांचे फोल्डर ‘फाइल्स वॉचर एक्सक्लूड’ आणि ‘सर्च एक्सक्लूड’मध्ये टाका. ‘सर्च फॉलो सिमलिंक्स’ बंद करा. फिरून स्वतःकडेच येणारी लिंक असेल तर फायदा लगेच दिसतो. पहारेकऱ्यांच्या संख्येला लिनक्सची मर्यादा असते. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) ती ८१९२ असायची, ५.११ पासून रॅमच्या प्रमाणात आपोआप ठरते. ती संपली की ‘डिव्हाइसवर जागा नाही’ अशी एरर कुठेतरी दिसते आणि लोक डिस्क साफ करत बसतात. ‘आयनोटिफाय’च्या (लिनक्सच्या पहाऱ्याच्या सोयीच्या) ‘मॅक्स यूजर वॉचेस’ची किंमत ५२४२८८ पर्यंत वाढवता येते, पण प्रत्येक पहारा साधारण १ केबी खातो, सगळे वापरले तर ५०० एमबीच्या वर. १ जीबीच्या सर्व्हरवर हा उपाय रोगापेक्षा वाईट. आधी फोल्डर वगळा.

एक्स्टेंशनचा संशय असेल तर एकेक बंद करत बसू नका. कमांड पॅलेटमध्ये ‘हेल्प: स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ आहे. तो निम्मी बंद करतो, विचारतो, पुन्हा निम्मी. ३० एक्स्टेंशन असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो.

बाकीचे एडिटर, धावत्या गाडीतून

इमॅक्सचं ट्रॅम्प (दूरच्या फाइली उघडणारा भाग) सर्व्हरवरचा शेल-प्रॉम्प्ट ओळखू न आल्यामुळे अडकतं. रंगीबेरंगी, दोन ओळींचा प्रॉम्प्ट असेल तर शेलच्या फाइलीत सांगा, ‘टर्म’ची किंमत ‘डंब’ असेल तर साधा डॉलर दाखव आणि परत फिर. ‘ट्रॅम्प व्हर्बोज’ ६ केलं की कुठे थांबलं ते दिसतं. दूरच्या फाइलींसाठी आवृत्ती-नियंत्रणाची चौकशी बंद केली तर बराच फरक पडतो.

व्हिममधून ‘एससीपी’चा पत्ता देऊन फाइल उघडली की ती आधी पूर्ण खाली उतरते आणि सेव्ह करताना पूर्ण वर जाते. मोठ्या फाइलीसाठी हा मार्गच नको, सर्व्हरवर लॉगिन करून तिथलं व्हिम वापरा.

नवी पेठेतल्या दुकानांच्या वेबसाइटी सांभाळणारे बरेच जण अजून नोटपॅड प्लस प्लस आणि एफटीपीवर आहेत. एफटीपीत बोलणं एका जोडणीवर आणि माल दुसऱ्या. बोलण्याचं दार २१ उघडं, मालाचं बंद, त्यामुळे लॉगिन होतं आणि फोल्डरची यादी येता येता अडकते. पॅसिव्ह मोड चालू करा. होस्टिंगवाला एसएफटीपी देत असेल तर तेच घ्या, तिथे दार एकच आणि पासवर्डही उघडा जात नाही. आणि एडिटर सुरू होतानाच अडकत असेल तर बहुधा तो मागच्या वेळच्या, आता न जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फाइली शोधतोय. नोटपॅड प्लस प्लस ‘-नोसेशन’ जोडून सुरू करा आणि ते टॅब बंद करा.

एसएसएचएफएसने माउंट केलेली ड्राइव्ह जोडणी तुटल्यावर नुसता एडिटर नाही, फाइल मॅनेजरही घेऊन बसते. लिनक्सवर ‘फ्यूजरमाउंट -यू -झेड’ने ती सोडवा. पुढच्या वेळी माउंट करतानाच ‘रीकनेक्ट’, ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल=१५’ आणि ‘सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स=३’ हे पर्याय द्या.

आणि आजच काम द्यायचं असेल तर

निदान राहू दे, संध्याकाळपर्यंत फाइल बदलून हवी, अशी वेळ येते. तेव्हा प्रोजेक्ट गिटने किंवा ‘आरसिंक’ने आपल्याकडे उतरवा, इथेच बदला आणि बदललेलं तेवढंच परत पाठवा. ‘आरसिंक’ला आधी ‘-एन’ जोडून कोरडी फेरी करा, काय काय बदलणार ते यादीत दिसतं.

सर्व्हरवरच बसून काम करायचं असेल तर लॉगिन केल्याबरोबर ‘टीमक्स’ सुरू करा आणि त्याच्या आत व्हिम किंवा नॅनो. जोडणी तुटली तरी आतलं काम जसंच्या तसं राहतं, परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’. नेट फारच धरसोड करत असेल तर ‘मॉश’. तो यूडीपीवर चालतो, पत्ता बदलला तरी जोडणी टिकवतो. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधली काही दारं मात्र उघडावी लागतात.

कारखान्यातला पोरगा हल्ली फोन करण्याआधी मला चार गोष्टी लिहून पाठवतो: किती सेकंदांनी अडकलं, टर्मिनलमध्ये काय झालं, हॉटस्पॉटवर काय झालं, आणि कोण येऊन गेलं. परवा चौथ्या गोष्टीपुढे लिहिलं होतं, ‘इलेक्ट्रिशियन, बोर्ड बदलला’. मी फोन केला नाही. फायबरच्या डब्याचा प्लग बघ, एवढंच लिहिलं. पाच मिनिटांनी अंगठा आला.